खूण कोणी करावयाची?

संहिता, चिन्हांकन आणि मराठी समीक्षेने टाळलेली एक जबाबदारी

१

पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याने मध्यंतरी एक तक्ता दाखवावयास आणला. प्राचीन मराठी गद्यातील एका ग्रंथाची महाजालावर मिळालेली संहिता त्याने उतरवून घेतली होती आणि संगणकाकरवी तिची शब्दगणना केली होती. कोणते शब्द किती वेळा येतात हे पाहून ग्रंथाच्या शैलीविषयी काही विधाने करावीत, असा त्याचा मनोदय होता. तक्त्यात सर्वाधिक वेळा आलेले विशेषनाम ग्रंथातील कोणा व्यक्तीचे नव्हते. ते विसाव्या शतकातील संपादकाचे होते. छापील आवृत्तीच्या एकाआड एक पानाच्या माथ्यावर ते नाव होते, आणि पाने संगणकात उतरवली जाताना माथ्यावरची ती ओळ मजकुरात मिसळून गेली होती. त्याच्या खालोखाल ‘पाभे’ असा एक शब्द होता. विद्यार्थ्याला ते एखादे लुप्त झालेले अव्यय वाटले होते. वस्तुतः ‘पाठभेद’ या शब्दाचा तो तळटिपांतील संक्षेप होता.

या प्रकाराला यंत्राची चूक म्हणता येत नाही. यंत्रापुढे जे ठेवले गेले ते त्याने मोजले. टंकलेखन करणाऱ्याचाही दोष मोठा नाही. पानावर जे दिसले ते त्याने उतरवले. ग्रंथकाराचे शब्द, संपादकाची टीप आणि मुद्रकाची सोय हे पानावरचे तीन वेगळे स्तर आहेत, ही गोष्ट त्या संहितेत कोठेही नोंदवलेली नव्हती, हे खरे दुखणे. छापील पानावर हा भेद आपण अक्षरांचा आकार, जागा आणि मधली रेघ यांवरून न सांगता ओळखतो. यंत्राला तो सांगावा लागतो. मजकुराचा कोणता भाग काय आहे हे मजकुरातच खुणा करून सांगण्याची रीत म्हणजे मार्कअप अथवा चिन्हांकन. आणि मजकूर कोणाचा, केव्हाचा, कोणत्या भाषेतला, कोणत्या प्रतीवरून घेतलेला, हे यंत्राला वाचता येईल अशा ठरीव साच्यात सांगण्याची रीत म्हणजे मेटाडेटा.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन साधे आहे. हा भेद सांगणे हे पाठचिकित्सेचे, म्हणून समीक्षेचे काम आहे. ते ‘तांत्रिक’ म्हणून आपण दुसऱ्यांवर सोपवले, आणि त्यामुळे मराठी ग्रंथ पुढच्या पिढ्यांपर्यंत कोणत्या रूपात पोहोचणार याचा निर्णय आपल्या गैरहजेरीत होऊ लागला आहे.

२

इंग्रजीतील ‘मार्कअप’ हा शब्द छापखान्यातला आहे. हस्तलिखित खिळे जुळवणाऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी त्यावर संपादक खुणा करी: हे शीर्षक, हा जाड ठसा, येथे नवा परिच्छेद. मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. आपल्या पोथ्यांतून शब्द न तोडता सलग लिहिण्याची प्रथा होती; त्या सलग मजकुरात दंड घातले जात, ‘उवाच’ आणि अध्यायसमाप्तीची ओळ हिंगुळाने तांबडी केली जाई, चुकलेल्या अक्षरांवर हरताळ फासला जाई. तत्त्वांना हरताळ फासल्याची तक्रार आपण आज करतो तेव्हा लिपिकाच्या बोरूशेजारचे ते पिवळे द्रव्य आपल्या ध्यानीमनीही नसते. वेबच्या खूणभाषेत ‘वगळलेले’ असे सांगणारी एक स्वतंत्र खूण आहे. ती हरताळाचेच काम करते. फरक इतकाच की तिच्याखालचे अक्षर वाचता येते. पोथीच्या अखेरची पुष्पिका, जीत ग्रंथाचे नाव, लिपिकाचे नाव, शक, तिथी, गाव आणि ज्याच्यासाठी प्रत केली त्याचे नाव येते, ती तर निखळ मेटाडेटा होय.

संगणकातील खूणभाषेचा आरंभ १९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी केलेल्या कामात दिसतो. त्यामागील विचार महत्त्वाचा आहे. मजकूर कसा दिसावा हे सांगू नये, तो काय आहे हे सांगावे. ‘हे मोठ्या ठशात छापा’ असे न म्हणता ‘हे प्रकरणाचे शीर्षक आहे’ असे म्हणावे. दिसण्याची व्यवस्था नंतर, वेगळी, हवी तशी करता येते. या विचाराला १९८६ मध्ये एसजीएमएल या नावाने आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. १९८७ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील पोकिप्सी येथील व्हॅसार महाविद्यालयात मानव्यविद्यांचे अभ्यासक एकत्र आले आणि तेथून ‘टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह’, संक्षेपाने टीईआय, हा उपक्रम उभा राहिला. कविता, नाटक, हस्तलिखित, कोश, पाठभेद यांसाठी कोणत्या खुणा वापराव्यात याची त्याची मार्गदर्शिका आज पाचव्या रूपात उपलब्ध आहे, आणि तीत पाचशेहून अधिक खुणा आहेत. तिचे जनक संगणकतज्ज्ञांइतकेच भाषाभ्यासक आणि संपादक होते, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ मध्ये वेबची कल्पना मांडली. तिच्यासाठी सिद्ध झालेली एचटीएमएल ही भाषा याच कुळातली, परंतु फार थोड्या खुणांची: शीर्षक, परिच्छेद, यादी, दुवा. १९९० च्या दशकात वेब बाजारात आले आणि दिसण्याची हाव वाढली. अक्षराचा रंग व आकार सांगणाऱ्या खुणांनी एचटीएमएल भरून गेली. १९९७ च्या अखेरीस आलेल्या चौथ्या आवृत्तीने त्या खुणा त्याज्य ठरवल्या. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएल आली. तिच्यात खुणांची नावे ठरवून दिलेली नसतात. ती ज्याची त्याने ठरवावयाची असतात. ती देवनागरीतही असू शकतात. ‘ओवी’, ‘चरण’, ‘ध्रुवपद’, ‘मुद्रा’ अशा नावांच्या खुणा करून तुकोबांचा अभंग चिन्हांकित करण्यास एक्सएमएलची काहीही आडकाठी नाही. गेली पंचवीसहून अधिक वर्षे ही मोकळीक आपल्यासाठी खुली आहे. तिचा आपण काय उपयोग केला, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे.

खूण करणे म्हणजे केवळ नोंद करणे नव्हे, हे एका लहान उदाहरणाने दाखवता येईल. मराठी मुद्रणात एकेरी अवतरणचिन्हाने किती कामे होतात पाहा. ग्रंथाचे नाव त्यात येते, पारिभाषिक संज्ञा येते, दुसऱ्याचा शब्द येतो, आणि उपरोधही येतो. एखादा लेखक ‘क्रांती’ असे लिहितो तेव्हा ते नियतकालिकाचे नाव आहे, संज्ञा आहे की टोमणा आहे? छापणाऱ्याला हे ठरवावे लागत नाही, कारण चिन्ह एकच. चिन्हांकन करणाऱ्याला मात्र ठरवावे लागते. तो ‘ग्रंथनाम’ अशी खूण करील किंवा ‘उपरोध’ अशी करील. आणि उपरोध अशी खूण करण्यासाठी त्याला तो ओळखता आला पाहिजे. उपरोध ओळखणे ही टंकलेखनाची पात्रता आहे असे आपल्यापैकी कोणी म्हणणार नाही.

३

तंत्रज्ञांच्या बाजूने येणारा पहिला दावा तटस्थतेचा असतो. संहितेत जी रचना मुळातच आहे तीच आम्ही नोंदवतो, आमच्याकडून काही घालत नाही, असे ते म्हणतात. या दाव्याला एक सैद्धांतिक आधारही मिळाला होता. स्टीव्हन डीरोझ, डेव्हिड ड्युरँड, एली मायलोनास आणि ॲलन रेनिअर यांनी १९९० मध्ये, संहिता म्हणजे खरोखर काय, असा प्रश्न विचारणारा एक निबंध लिहिला. त्यांचे उत्तर असे की, संहिता ही आशयघटकांची क्रमबद्ध उतरंड आहे. ग्रंथात प्रकरणे, प्रकरणात परिच्छेद, परिच्छेदात वाक्ये; प्रत्येक घटक वरच्या घटकाच्या पोटात पूर्ण मावलेला. एसजीएमएल आणि एक्सएमएल यांचा नियमही नेमका हाच आहे. एक खूण उघडली की तिच्या आत उघडलेली दुसरी खूण आधी मिटावी लागते. अर्धी आत आणि अर्धी बाहेर अशी खूण चालत नाही.

आता ज्ञानेश्वरी समोर ठेवू. तिच्या ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले आणि चौथा आखूड, यमकाबाहेरचा. ही छंदाची उतरंड झाली: अध्याय, ओवी, चरण. पण ज्ञानेश्वरांचे वाक्य ओवीपाशी थांबतेच असे नाही. एका उपमेचे ‘जैसें’ एका ओवीत असते, तिचे ‘तैसें’ कित्येक ओव्या ओलांडून येते. ही वाक्याची दुसरी उतरंड झाली. गीतेच्या कोणत्या श्लोकाचे विवरण कोठून कोठवर चालते ही तिसरी. कृष्ण, अर्जुन, संजय, धृतराष्ट्र आणि श्रोत्यांना उद्देशून बोलणारे स्वतः ज्ञानदेव यांपैकी कोणाचे बोलणे चालले आहे ही चौथी, आणि तिची सीमा अनेकदा चरणाच्या मध्यावर पडते. हस्तलिखिताची पृष्ठे ही पाचवी. या पाचांपैकी कोणतीही उतरंड दुसरीच्या पोटात मावत नाही. त्या एकमेकींना छेदून जातात. एक्सएमएलच्या नियमाने यांपैकी एकीलाच मुख्य रचनेचा मान देता येतो. बाकीच्यांची सोय निव्वळ ठिकाण दाखवणाऱ्या रिकाम्या खुणांनी, घटकांचे तुकडे पाडून ते पुन्हा सांधून, किंवा संहितेबाहेर ठेवलेल्या वेगळ्या नोंदीने करावी लागते.

मग मुख्य कोणती? ओवीला मुख्य मानणारा ज्ञानेश्वरीकडे काव्य म्हणून पाहतो, श्लोकाला मुख्य मानणारा टीका म्हणून, बोलणाऱ्याला मुख्य मानणारा संवाद म्हणून. ज्ञानेश्वरी काव्य की तत्त्वज्ञान, हा वाद मराठी समीक्षेत किती शाई खर्चून झाला आहे हे वाचक जाणतात. खूणभाषेत हा वाद पहिल्याच फायलीच्या पहिल्याच ओळीत सोडवावा लागतो. तो तेथे निमूटपणे सोडवला गेला, एवढ्यावरून तो तटस्थपणे सोडवला गेला असे ठरत नाही.

उपरोक्त निबंधाच्या लेखकांपैकी काहींनी अवघ्या तीन वर्षांत, परस्परांना छेदणाऱ्या रचनांचा प्रश्न मान्य करून, आपल्या मांडणीला मुरड घातली. जेरोम मॅकगन यांनी रोझेटीच्या चित्र-काव्याचा संगणकीय संग्रह सिद्ध करताना याहून मूलगामी आक्षेप घेतला: कविता माहितीसारखी वागत नाही, तिची आकाशातील मोकळी जागा, तिची अक्षरे आणि तिची द्व्यर्थता हे सारे एकाच वेळी अर्थ घडवत असते. हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्याचा निष्कर्ष, म्हणून खुणा करू नयेत, असा निघत नाही. प्रत्येक खूण ही एक वाचनकृती असून तिच्यामागे तिच्या वाचकाने उभे राहिले पाहिजे, असा निघतो.

४

चिन्हांकनात निदान मजकूर समोर असतो. मेटाडेटाचे काम अधिक निसरडे, कारण तेथे ग्रंथाविषयीचे आपले समज कोष्टकात बसवावे लागतात. १९९५ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डब्लिन या गावी झालेल्या कार्यशाळेतून ‘डब्लिन कोअर’ हा वर्णनसाचा पुढे आला. शीर्षक, कर्ता, विषय, दिनांक, भाषा, हक्क असे त्याचे पंधरा घटक जगभरच्या ग्रंथालयांनी व संग्रहांनी स्वीकारले. २०११ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू या शोधयंत्रे चालवणाऱ्या कंपन्यांनी एकत्र येऊन ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ ही वर्णनाची शब्दावली मांडली. वेबच्या पानावर पुस्तक, व्यक्ती, पाककृती, चित्रपट यांचे वर्णन कोणत्या नावांनी करावे हे ती सांगते. ग्रंथालयशास्त्राचा साचा आणि शोधयंत्राचा साचा यांत एक फरक आहे. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडले तेव्हा त्यांच्यासमोर वाचक होता. शोधयंत्राच्या साच्यासमोर शोधयंत्र आहे. पुस्तकाची सुटसुटीत ओळख त्याला पुरते, आणि जे त्या साच्यात बसत नाही ते त्याच्या दृष्टीने नसतेच.

‘कर्ता’ हा एकच रकाना घेऊ. ‘नामा म्हणे’ अशी मुद्रा असलेले अभंग एकट्या नामदेवांचे नाहीत. सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा आणि नाममुद्रा घेणारे इतर यांच्या रचना गाथेत मिसळल्या आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. मराठी गाथेतला नामा आणि तेथला नामदेव यांना यंत्रासाठी एकच ओळखक्रमांक द्यावयाचा की दोन? रकाना भरणारा बहुधा ‘संत नामदेव’ असे लिहून मोकळा होतो. ‘कर्ता’ हा घटक पुन्हा पुन्हा वापरता येतो, ‘साहाय्यक’ असाही घटक आहे, असे उत्तर यावर मिळेल. ते खरे आहे. पण ‘मुद्रा नाम्याची, कर्तृत्व संदिग्ध’ असे म्हणण्याची सोय त्या पंधरा रकान्यांत नाही. वारकरी परंपरेत मुद्रा हे स्वाक्षरीइतकेच समर्पणाचे आणि पंथाचे चिन्ह असते. आधुनिक मालकीहक्काच्या कल्पनेतून आलेल्या रकान्यात ती बसत नाही.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले. त्यात दगडू मारुती पवार आणि दया पवार हे एकाच माणसाचे दोन पदर एकमेकांसमोर बसतात. पुस्तकाचा कर्ता कोण हे मुखपृष्ठ सांगते. पण पुस्तकात बोलतो कोण आणि ऐकतो कोण, हा भेद त्या लेखनाचा प्राण आहे. साहित्यप्रकाराच्या रकान्यात ‘आत्मचरित्र’ लिहावे तर आत्मकथन, स्वकथन, आत्मचरित्र यांच्या भेदावरची सगळी चर्चा पुसली जाते. विषयाच्या रकान्यात ‘दलित साहित्य’ एवढेच लिहावे तर ते पुस्तक आत्मकथनाच्या शोधात कोणाला सापडत नाही. ते न लिहावे तर ज्या चळवळीतून ते आले तिची खूण नाहीशी होते. या शब्दावर आपण चर्चासत्रांमागून चर्चासत्रे घेतली. त्याच काळात तो शब्द यंत्रवाचनीय नोंदींत कोणी, कोणत्या निकषाने भरला, हे विचारण्याचे आपल्या मनात आले नाही.

भाषेचा रकाना वरकरणी सर्वांत सोपा. मराठीसाठी दोन अक्षरी संकेत आहे. तो लावला नाही तर काय होते? देवनागरी दिसली की अनेक व्यवस्था ती हिंदी समजतात. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ ज्या टंकांत अंतर्भूत असतात तेही ती वळणे भाषेची खूण असेल तरच दाखवतात. नसेल तर हिंदी वळणाचा ‘ल’ येतो. अंध वाचकाला मजकूर वाचून दाखवणारे यंत्र भाषेच्या खुणेवरून आवाज निवडते; खूण नसेल तर ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतल्या दोन वेगळ्या ‘च’कारांची वासलात लागते. अक्षरपातळीवरही हेच. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द आहेत. दुसऱ्यातला रकार युनिकोडमध्ये नुक्त्याच्या ‘ऱ’ने साधावा अशी शिफारस आहे, पण तो साध्या ‘र’पुढे अदृश्य सांधाचिन्ह घालूनही लिहिला जातो. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, आणि एक शोधले तर दुसरे सापडत नाही.

याहून अवघड प्रश्न पुढे आहे. भाषासंकेतांच्या आंतरराष्ट्रीय मानकात प्राचीन मराठीला वेगळा संकेत आहे, अहिराणीला वेगळा आहे, वऱ्हाडी-नागपुरीला वेगळा आहे. लीळाचरित्राला कोणता लावावा? एकनाथांना कोणता? प्राचीन मराठी कोठे संपते, हा वाङ्मयेतिहासाच्या कालखंडविभागणीचा प्रश्न तीन अक्षरांत सोडवावा लागतो. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या गाण्यांना ‘मराठी’ एवढीच खूण केली तर शब्दशुद्धी तपासणारे यंत्र ओळीओळीखाली लाल रेघ ओढील. अहिराणीची खूण केली तर ती लेवा गणबोली आहे, अहिराणी नव्हे, असे तेथले जाणकार बजावतील, आणि त्यांचे म्हणणे खरे असेल. बोली आणि प्रमाणभाषा यांच्या नात्यावर आपण पोटतिडकीने लिहितो. ते नाते या रकान्यात रोज ठरवले जात आहे.

५

या मांडणीवर येणाऱ्या आक्षेपांपैकी पहिला आपल्याच घरातून येतो. हे कारकुनी काम आहे. समीक्षकाने विचार करावा, खुणा इतरांनी कराव्यात. हा आक्षेप घेणाऱ्यांना पाठचिकित्सेचा आपलाच इतिहास आठवावा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, आणि तिच्या अखेरीस त्यांच्या नावे जोडलेल्या ओव्यांत ती केव्हा केली हे नोंदवून, पुढे कोणी या पाठात आपली ओवी घालू नये असा इशाराही दिला. टीईआयच्या साच्यात पाठात केव्हा, कोणी, काय बदल केला हे सांगणारा एक स्वतंत्र भाग असतो. एकनाथांच्या त्या ओव्या म्हणजे नेमका तोच भाग होय. त्यांना ते कारकुनी वाटले नाही. लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाल्यावर ते स्मरणातून पुन्हा उभे केले गेले असे महानुभाव परंपरा सांगते. पाठांना ते ज्यांच्या स्मरणातून आले त्यांची नावे जोडली गेली. हिराइसेचे नाव त्यांत आहे. कोणता पाठ कोणाच्या साक्षीने, हे नावानिशी सांगणारी ही शिस्त आजच्या खूणभाषेतील ‘साक्षी’ आणि ‘जबाबदार व्यक्ती’ या नोंदींच्या आधी कित्येक शतकांची आहे.

ज्ञानेश्वरीच्या प्रचलित प्रतींच्या अखेरीस शके १२१२ चा आणि लेखनिक म्हणून सच्चिदानंदबाबांचा उल्लेख येतो. वेबच्या पानाला डोके असते आणि धड असते: ग्रंथाविषयीची माहिती डोक्यात, मजकूर धडात. ही ओवी कोठे ठेवावी? ती मजकूर आहे, कारण ती ओवी आहे. ती मेटाडेटा आहे, कारण ती काळ आणि लिपिक सांगते. आणि ती मूळची की नंतरची, हा प्रश्न उपस्थित होताच तिच्याविषयीच आणखी एक नोंद करावी लागते. ज्याला हा प्रश्न कारकुनी वाटतो त्याने पाठचिकित्सेचे नाव घेऊ नये.

दुसरा आक्षेप सिद्धांताच्या बाजूने. संहितेला स्थिर रचना नसते, अर्थ वाचनात घडतो, मग तिला खुणांच्या पिंजऱ्यात का कोंडावे? बार्थचे लेखकाच्या मृत्यूविषयीचे टिपण १९६७ चे आणि लेखक म्हणजे काय हा फूकोचा प्रश्न १९६९ चा. आपल्या चर्चासत्रांतून या दोघांची नावे किती वेळा उच्चारली गेली याची गणती नाही. त्याच इमारतीत, एक मजला खाली, ग्रंथालयाच्या संगणकावर ‘कर्ता’ या रकान्यात कोणीतरी एक नाव भरत होते. लेखक हे एक कार्य आहे, हे आपण वर सांगत होतो. ते कार्य खाली पार पाडले जात होते. सिद्धांत जर आपल्याच संहितांच्या नोंदीपर्यंत उतरत नसेल तर तो केवळ परिभाषा उरतो. शिवाय, खुणा न केलेली संहिता मोकळी असते हा भ्रम आहे. त्या विद्यार्थ्याच्या तक्त्यातली संहिता अशीच मोकळी होती.

तिसरा आक्षेप अलीकडचा, आणि सर्वांत आकर्षक. यंत्रे आता स्वतःच वाचू लागली आहेत. २०२२ नंतर सर्वपरिचित झालेली भाषाप्रतिमाने मजकुरावरून मजकूर रचतात, शीर्षक ओळखतात, विषय सांगतात. मग माणसाने खुणा करीत का बसावे? यंत्राला सोपे भाग सोपवण्यास माझी हरकत नाही. पानाच्या माथ्यावरची ओळ ओळखणे त्याला जमेल. पण त्याचा निर्णय हा पूर्वी पाहिलेल्या मजकुरावरून केलेला अंदाज असतो. ज्या भाषेत काळजीपूर्वक चिन्हांकित केलेल्या संहिता विपुल आहेत त्या भाषेत तो अंदाज बरा निघतो. आपण मराठीत अशा संहिता जवळपास निर्माणच केल्या नाहीत. म्हणून ज्याचा कित्ता गिरवावा असे मराठीत त्याच्यापुढे फारसे काही नाही, आणि बहुसंख्येने दिसणाऱ्या वळणाकडेच ते झुकणार. नामा म्हणजे नामदेव, देवनागरी म्हणजे हिंदी, अपरिचित बोली म्हणजे अशुद्ध मराठी, हे अंदाज ते आत्मविश्वासाने करील. आणखी एक भेद मूलभूत आहे. टीईआयच्या खुणेसोबत ती कोणी केली आणि किती खात्रीने केली हे नोंदवता येते. ‘येथे पाठ अमुक असावा, खात्री कमी’ असे नाव देऊन लिहिणारा संपादक वादाला उत्तरदायी असतो. यंत्राच्या अंदाजाला जाब विचारता येत नाही.

मेटाडेटा खोटा असू शकतो, हेही मान्य केले पाहिजे. १९९० च्या दशकात वेबच्या पानांवरील ‘कळीचे शब्द’ या रकान्यात लोकांनी गिऱ्हाईक खेचण्यासाठी वाटेल ते शब्द कोंबले, आणि शोधयंत्रांचा त्यावरचा विश्वास उडाला. क्रम लावताना आपण तो रकाना विचारात घेत नाही, असे गूगलने २००९ मध्ये सांगून टाकले. वर्णन करणाऱ्याचा हितसंबंध वर्णनात उतरतो, हा त्यातला धडा आहे. पण याचा अर्थ वर्णनाचे काम हितसंबंधीयांवर सोडावे असा होत नाही.

६

मागण्या मोजक्या आहेत. पहिली, चिन्हांकित संपादन हे संशोधन म्हणून विद्यापीठांनी मान्य करावे. एखाद्या विद्यार्थ्याने एकाच अध्यायाची पाठभेदांसह, प्रत्येक निर्णयाच्या कारणासह यंत्रवाचनीय संहिता सिद्ध केली, तर ती त्याच विषयावरील तीनशे पानांच्या प्रबंधाहून अधिक काळ उपयोगी पडेल. दुसरी, मराठी रचनाप्रकारांसाठी खुणांची एक शब्दावली हवी. ओवी, अभंग, गौळण, भारूड, पोवाडा, लावणी, कीर्तनाचा पूर्वरंग आणि उत्तररंग यांना ‘पद्यखंड’ एवढेच नाव पुरत नाही. टीईआय आपल्या साच्यात अशी भर घालू देते. तिची रीत ठरलेली आहे. कमतरता रचनाशास्त्र जाणणाऱ्या माणसांच्या सहभागाची आहे. तिसरी, ग्रंथांना आणि त्यांच्या अंशांना स्थिर ओळख हवी. गाथेच्या आवृत्तीगणिक अभंगांचे क्रमांक बदलतात. आपल्या प्रबंधांतून नुसता अभंगक्रमांक देण्याची सवय आहे. आवृत्ती न सांगितल्यास तो क्रमांक निरर्थक असतो, आणि यंत्रापुढे तर दिशाभूल करणारा. चौथी, प्रत्येक खुणेमागे नाव असावे.

यांतली एकही मागणी यंत्राविषयी नाही. पाठ कोणता, कर्ता कोण, भाषा कोणती, रचना कोणती, हे चारही प्रश्न समीक्षेचेच आहेत. खूणभाषेने ते नव्याने निर्माण केलेले नाहीत. उत्तर न देता त्यांच्याभोवती फिरत राहण्याची आपली सवय तिने अडचणीत आणली आहे, एवढेच. रकाना रिकामा ठेवता येतो, ‘संदिग्ध’ असे लिहिता येते, दोन नावे लिहून दोहोंसमोर खात्री किती ते सांगता येते. फक्त तेथे आपल्या वतीने दुसरा कोणी काही लिहून गेल्यावर, हे आमचे काम नव्हते, असे म्हणता येत नाही.

त्या विद्यार्थ्याने आता तो ग्रंथ पुन्हा हाती घेतला आहे. पहिल्या वीस पानांवर त्याने संपादकाच्या टिपा वेगळ्या केल्या, पाठभेद त्यांच्या त्यांच्या शब्दाला जोडले, आणि तीन ठिकाणी छापील आवृत्तीचा पाठ संशयास्पद आहे अशी नोंद आपल्या नावासह केली. तीनपैकी दोन ठिकाणी त्याचे म्हणणे मला पटत नाही. पण ते कोठे पटत नाही हे आता नेमके दाखवता येते, आणि माझी नोंद त्याच्या नोंदीशेजारी माझ्या नावासह करता येते.